दुसरी वाटी

छातीचा एक्स-रे काढायचा तर गळ्यातलं आधी काढून ठेवावं लागतं. हे वाक्य प्रमोदिनीनं लीड्सच्या त्या हॉस्पिटलात इतक्या वर्षांत इतक्या गळ्यांना सांगितलं होतं की ते आता तिच्या तोंडून आपोआप बाहेर पडे, इंग्रजीत, पंजाबीत, मोडक्यातोडक्या गुजरातीत आणि अगदी क्वचित मराठीत. त्या मंगळवारी ते मराठीत म्हणायची वेळ आली आणि तिथंच घोटाळा झाला. समोर सुलक्षणावहिनी उभ्या होत्या. महिनाभराचा खोकला, जी.पी.नं पाठवलेलं, अंगात हॉस्पिटलचा मागून नाड्या बांधायचा झगा आणि झग्यावर ठसठशीत मंगळसूत्र. लीड्समधल्या झाडून सगळ्या मराठी घरांत वहिनींचा शब्द चाले. कुणाच्या मुलीनं गोऱ्याशी लग्न केलं, कुणाचं घर गहाण पडलं, कुणाच्या सुनेनं पोळ्या विकत आणल्या, हे त्यांना आधी कळे आणि मग त्या घरातल्यांना. त्यांनी मंगळसूत्र मुठीत धरलं आणि काढायलाच हवं का असं विचारलं. पित्ताशयाच्या ऑपरेशनच्या वेळीसुद्धा नर्सनं नुसती चिकटपट्टी लावून दिली होती, लग्नाच्या दिवसापासून ते गळ्यातून उतरलेलं नाही, वगैरे. प्रमोदिनीनं शांतपणे सांगितलं की मणी फोटोत पांढरे ठिपके होऊन उठतील आणि डॉक्टरला वाटेल फुप्फुसातच काहीतरी आहे. हे ऐकून वहिनींनी डोळे मिटून, काहीतरी पुटपुटत ते डोक्यावरून काढलं, स्टीलच्या ट्रेमध्ये ठेवलं, आणि डोळे उघडले ते थेट प्रमोदिनीच्या गळ्यावर. पांढऱ्या युनिफॉर्मची कॉलर, त्याखाली छातीवर लावलेला प्लॅस्टिकचा फिल्म-बॅज, आणि मधे नुसता गळा.

"प्रमोदिनी, तुझं गं कुठंय?"

यावर तिच्याकडे उत्तर तयार होतं. नोव्हेंबरपासून ते तिनं घोकून ठेवलं होतं. पॉलिश करायला दिलंय, बस्स, तीन शब्द. पण नोव्हेंबरपासून कुणी विचारलंच नव्हतं. हॉस्पिटलातल्या गोऱ्या बायकांना ते असलं काय नसलं काय, घरी थंडीचे उंच गळ्याचे स्वेटर, आणि नवऱ्यानं, शशिधरनं, विचारलं नाही कारण शशिधरनं पाहिलं नाही. वापराविना ते खोटं शिळं होऊन गेलं असावं. तिनं वहिनींची हनुवटी हलकेच वर केली, खांदे पुढे ढकलून फिल्मच्या कॅसेटला टेकवले, काचेच्या पडद्यामागे गेली आणि तिथून म्हणाली, "मंजिरीकडे आहे. सुमात्राला. आता मोठा श्वास घ्या आणि धरून ठेवा." वहिनींनी श्वास घेतला, आणि बटण दाबून झाल्यावर, श्वास सोडा असं सांगून झाल्यावरही कितीतरी वेळ तो त्यांच्याकडून सुटेना. फोटो मात्र सुरेख आला. फुप्फुसं स्वच्छ होती, खोकला नुसता थंडीचा होता.

ड्यूटी संपल्यावर ती बसच्या वरच्या मजल्यावर जाऊन बसली. जानेवारीतली चार वाजताची लीड्स, दिवे लागलेले, रस्त्याकडेला मळकट बर्फ. आता वहिनी घरी पोचून फोनजवळ बसल्या असतील, हा हिशोब तिनं मनाशी केला आणि तिला भीती वाटायच्या ऐवजी हसू आलं. कसली भीती वाटायची? तिची भीती दुसऱ्याच एका गोष्टीत अडकली होती आणि ती वहिनींच्या आवाक्यातली नव्हती. दर रविवारी, जिथं असेल तिथून फोन करायचा, असं लेकीनं, मंजिरीनं, कबूल केलं होतं. बँकॉकहून केला, पेनांगहून केला, बोटीनं सुमात्राला उतरल्यावर मेडानहून केला. या रविवारी फोन आला नव्हता. शाळेत भूगोलाच्या तासाला जावा, सुमात्रा, बोर्निओ अशी नावं एका दमात म्हणायची असत, बाई नकाशावर छडी टेकवत आणि मुली सुरात म्हणत. त्या वेळी ती नावं नुसती म्हणण्यापुरती होती, तिथं कुणी खरोखर बसमधून जात असेल, पाणी पीत असेल, झोपत असेल असं कुणाला वाटलंच नव्हतं. आता त्या नकाशातल्या एका ठिपक्यावर तिची मुलगी होती आणि गप्प होती. सोमवारी सकाळी तिचा हात सवयीनं गळ्याशी गेला होता आणि तिथं काहीच नाही म्हणून दचकला होता. एका क्षणाला तिच्या मनात नको तो विचार येऊन गेला, आणि तो आला म्हणून ती स्वतःवर इतकी चिडली की चहाचा कप सिंकमध्ये आपटून कान तुटला.

जाण्याचं ठरलं तेव्हा मंजिरीची मैत्रीण फिओना बरोबर जाणार होती. ऐन वेळी फिओनाला नोकरी लागली आणि मंजिरी म्हणाली, मग मी एकटी जाते. मंजिरी तेवीस वर्षांची, कायद्याची डिग्री घेतलेली, सप्टेंबरात एका सॉलिसिटरकडे कामाला लागणार. तोवर फिरून येते, एवढंच तिचं म्हणणं. शशिधरनं नाही म्हटलं. मग ती ऐकत नाही असं पाहून त्यानं डॉक्टरला जमतं तसं प्रेम केलं, मलेरियाच्या गोळ्या, पाणी शुद्ध करायच्या गोळ्या, सीलबंद सुया, जुलाबासाठी पावडरी, सगळं लेबलं लावून एका डब्यात भरलं आणि तो डबा तिच्या हातात न देता टेबलावर ठेवून दिला. निघायच्या दिवशी सकाळी मंजिरी किचनमध्ये टोस्ट खात प्रवासाच्या पुस्तकातून मोठ्यानं वाचून दाखवत होती. पैसे पोटाला बांधा. अंधारात पोचेल अशी बस घेऊ नका. न उकळलेलं पाणी नको, बर्फ नको. एकट्या बायकांनी बोटात लग्नाची अंगठी घालावी, नवरा मागच्या बसनं येतोय असं सांगावं. इथं वाचणं थांबलं. अंगठी या घरात नव्हतीच, मराठी लग्नात कुठली अंगठी. मार्केटमध्ये पितळेची मिळेल, मंजिरी हसत म्हणाली. प्रमोदिनी ओट्याशी पाठ करून उभी होती. तिनं दोन्ही हात मानेमागे नेले. हूक निघेना. इतक्या वर्षांत तो उघडलाच नव्हता, आत मळ बसून गच्च झाला होता. ती म्हणाली, मंजे, जरा सुरी आण. मंजिरीनं बटर लावायच्या सुरीच्या टोकानं तो हूक उचकटला, आणि मंगळसूत्र आईच्या हातात पडल्यावर तिला कळलं हे कशासाठी चाललंय. "आई, डोन्ट. तिथं कोणाला कळणार हा काय आहे ते?" तिचं म्हणणं खरंच होतं. सुमात्रातल्या बसमधल्या माणसाला काळ्या मण्यांचं काय कळणार? "ते नाही कळणार," प्रमोदिनी म्हणाली, "सोनं कळेल. सगळं गेलं तर हे विकायचं. मला विचारत बसायचं नाही."

हे ती इतकं सहज म्हणून गेली की मागाहून तिचं तिलाच नवल वाटलं. नवरा हयात असताना बाई गळ्यातलं काढत नाही, ते तुटलं तर तुटलं म्हणत नाहीत, वाढलं म्हणतात. हे सगळं तिला पाठ होतं. ती इथं आली त्या वर्षी सासूबाईंनी विमानतळावर बजावलं होतं, कोटाच्या वरून घाल, आत झाकू नकोस, एकटी जातेयस, लोकांना दिसू दे. तिनं कोटाच्या वरून घातलं. हीथ्रोवर कुणाला काही दिसलं नाही. पुढे कधीतरी, मंजिरी पहिलीत असताना, याच बसमध्ये, खालच्या मजल्यावर, मोठाले बूट घातलेल्या एका टकल्या पोरानं जाता जाता तेच पकडून हिसडलं होतं. त्याला ते नकोही होतं. नुसतं हिसडायचं होतं, आणि एक घाणेरडा शब्द म्हणायचा होता. पोत तुटली, मणी बसभर पांगले, आणि उतरताना त्याचा बूट एका वाटीवर पडून ती चेपली. प्रमोदिनी गुडघ्यांवर बसून लोकांच्या पायांतून मणी वेचत राहिली आणि लोकांनी एकेक पाय उचलून तिला जागा करून दिली, सॉरी लव्ह म्हणत. कुणी खाली वाकलं नाही. रडत घरी आली तर शशिधर ठणठणीत, ब्रिजच्या डावात जिंकून आलेला, खुशीत. त्या दिवशी तिला पहिल्यांदा कळलं की वाढलं म्हणा नाहीतर तुटलं म्हणा, त्यानं कुणाचं काही होत नाही. मणी पुन्हा ओवून घेतले. कुठली वाटी माहेरची आणि कुठली सासरची हे त्या ओवण्यात हरवून गेलं, आता एक चेपलेली आणि एक धड एवढीच ओळख उरली. ब्रॅडफर्डचा सोनार म्हणाला, ठोकून सरळ करून देतो. ती म्हणाली, नको, राहू दे.

आणि सुरक्षित म्हणजे काय असतं, हे तिला कुणी सांगायचं? याच शहरात अशी वर्षं गेली होती की अंधार पडल्यावर बायकांनी घराबाहेर पडू नये असं पोलीस सांगत. एकामागून एक बायका मारल्या जात होत्या आणि मारणारा सापडत नव्हता. तेव्हा तिची संध्याकाळची पाळी असे. शशिधर म्हणाला होता, सोडून दे नोकरी. तिनं सोडली नाही. बस-स्टॉपपासून घरापर्यंतचा तो रस्ता, दोन्ही बाजूंची ओली झाडं, खिशात पट्ट्या कापायची कात्री, आणि मागं कुणाची पावलं वाजली की कात्रीवर वळणारी बोटं. कितीतरी महिने ती रोज असं चालत होती आणि घरी येऊन मंजिरीच्या पांघरुणात पाय घालून ऊब घेत होती. त्या वेळी लीड्सला कुणी मागासलेलं ठिकाण म्हटलं नाही. पुण्याहून कुणी लिहिलं नाही की अशा ठिकाणी मुलगी का वाढवतेस. आणि आता सुमात्रा म्हटलं की लोक कपाळाला हात लावतात, तिथं साप आहेत, तिथं ताप आहे, तिथली माणसं कशी असतील. माणसं कशी असतात ते तिनं बसच्या जमिनीवर बसून पाहिलं होतं. तिनं बसच्या काचेवरची वाफ पुसली. छातीवरचा फिल्म-बॅज काढायचा राहून गेला होता. महिना संपला की तो तपासायला जातो आणि मग कळतं अंगात किती किरणं गेली. तो काही अडवत नाही. मंगळसूत्राचंही तसंच, ती मनाशी म्हणाली, फक्त ते तपासायला कुणी नेत नाही.

घरी शशिधर हॉलमध्ये उभा होता. सुलक्षणावहिनींच्या घरून फोन येऊन गेल्याचं त्याच्या उभं राहण्यावरून कळत होतं. भूल देणारा डॉक्टर, रोज अनोळखी माणसांच्या गळ्यातली नाडी बोटांनी चाचपणारा, बायकोच्या गळ्याकडे आज पहिल्यांदा बघत होता. तिनं कोट काढला, स्कार्फ काढला आणि त्याला नीट दिसेल अशी दिव्याखाली उभी राहिली. तो चिडला असता तर सोपं गेलं असतं. तो चिडला नाही. कधी दिलंस, असं त्यानं विचारलं. निघाली त्या दिवशी, ती म्हणाली. त्याचा चेहरा उतरला, कारण तो दिवस नोव्हेंबरातला होता आणि हा जानेवारी होता, हे त्यालाही कळत होतं. मग त्यानं ते दुखणं दुसरीकडे वळवलं. माझा कशावर विश्वास आहे असं नाही, तो म्हणाला, पण चार लोकांत राहायचं आहे. शिवाय रविवारी फोन आला नाही. आता आला की तिला सांग, पुरे झालं, मिळेल त्या विमानानं घरी ये. तू म्हणालीस तर येईल ती, माझं ऐकणार नाही. हे मात्र अगदी खरं होतं. आई, तू म्हणशील तेव्हा मी परत येईन, असं मंजिरीनं एअरपोर्टवर कानात सांगितलं होतं. ते प्रमोदिनीनं शशिधरला सांगितलेलं नव्हतं, पण बापाला काही गोष्टी न सांगता कळतात. एक शब्द, आणि मुलगी आपल्या पांघरुणात येऊन झोपेल. तो शब्द बुधवारी तिच्या जिभेवर होता, गुरुवारी होता, शुक्रवारी तर ती अंधाऱ्या डेव्हलपिंग रूममध्ये फिल्म बुडवताना तो मोठ्यानं म्हणालीसुद्धा. ये. ये परत. अंधारात तो तिला स्वतःच्या बापाच्या आवाजासारखा ऐकू आला. कॉलेजात असताना हिमालयात जाणाऱ्या मुलींच्या तुकडीत तिची निवड झाली होती, नवे बूटसुद्धा आणले होते, आणि आदल्या आठवड्यात अण्णा म्हणाले होते, लग्न झाल्यावर नवऱ्याबरोबर जा हवं तिथं. नवऱ्यामागोमाग ती लीड्सला आली. बूट धाकट्या बहिणीनं शाळेला जाऊन झिजवले.

शनिवारी दुपारी वहिनींकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. आमंत्रण आधीचं होतं आणि ते मागे घेतल्याचं कुणी कळवलं नव्हतं. निघायच्या वेळी प्रमोदिनी काळी चंद्रकळा नेसून आरशासमोर उभी राहिली. काळ्या साडीवर गळा फारच उघडा दिसत होता, हातभर लांबूनही दिसेल असा. शशिधर मागून आला आणि त्यानं टेलिफोनच्या टेबलावर एक मखमली डबी ठेवली. तो काल ड्यूटीनंतर ब्रॅडफर्डला जाऊन आला होता. डबीत नवं मंगळसूत्र होतं, गुजराती घडणीचं, मधे हिऱ्यांचं फूल, वाट्या नाहीत. तो गरीब आवाजात म्हणाला, आजच्यापुरतं घाल, मग नको असलं तर परत करू. ज्या माणसाला गळा रिकामा असल्याचं कळायला दोन महिने लागले, त्यानं एका दिवसात तो भरून आणला होता. तिला त्याची दया आली आणि रागही आला, दोन्ही एकदम. घालावं का? घातलं तर वहिनी खूश, हे खूश, तिळगूळ घेऊन सगळ्या गोड बोलतील. बोटं डबीपर्यंत गेली. तेवढ्यात फोन वाजला, आणि लांबच्या फोनला होतो तसा आधी नुसता खरखराट आला आणि मग मुलीचा आवाज.

"आई, डोन्ट पॅनिक. मी ठीक आहे."

मंजिरी घाईघाईनं सांगत सुटली, निम्मं इंग्रजीत. रात्रीच्या बसमध्ये झोप लागली आणि तिची छोटी बॅग गेली, कॅमेरा गेला, ट्रॅव्हलर्स चेक्स गेले. पासपोर्ट पोटाला होता म्हणून राहिला. अंधारात पोचणारी बस घेऊ नको म्हणून पुस्तकात लिहिलं होतं, हो, आय नो, घेतली. मग ताप आला. तळ्याकाठच्या गावातल्या गेस्ट हाऊसच्या मालकीणबाईनं डॉक्टर आणला, पेज करून घातली, रात्रभर उशाशी बसली. मलेरिया नाही, रक्त तपासलं, बाबांना सांग त्यांच्याच सुया वापरल्या. आता ताप नाही. पण चेक्स बदलून मिळणार ते मेडानला, आणि डॉक्टरला द्यायला काहीच नव्हतं. म्हणून बाजारात सोनाराकडे गेली. त्यानं वाटी काळ्या दगडावर घासून पाहिली आणि लगेच ओळखलं. तो हातवारे करून विचारायला लागला, नवरा रागावणार नाही का? "मी म्हटलं, नवरा माझा नाही, आईचा आहे. तो खूप हसला. त्याला दोन्ही हवे होते, मी एकच दिला." आणि मग आवाज एकदम लहान झाला, पहिलीतल्या मुलीएवढा. "आई, सॉरी."

"कुठली विकलीस?" प्रमोदिनीनं विचारलं.

"चांगली होती ती. चेपलेली ठेवली. ती तुझी वाटते."

प्रमोदिनी भिंतीला टेकली. तिच्या डोळ्यांतून घळघळा पाणी वाहत होतं आणि ते पुसावं असं तिला वाटलं नाही. शशिधर समोर उभा राहून हातानं खुणा करत होता, परत, परत, परत बोलाव. त्याचेही डोळे भरले होते. तिकडे मंजिरीनं एक श्वास घेतला आणि विचारलं, आई, मी परत येऊ का, तू सांग. शब्द जिभेवर होताच, गेले चार दिवस तो तिथंच होता. तिनं शशिधरकडे पाहिलं, डबीकडे पाहिलं, आरशातल्या आपल्या काळ्या साडीवरच्या उघड्या गळ्याकडे पाहिलं. गळा तिचा होता. चांगला, सुरकुतायला लागलेला, पन्नाशीच्या बाईचा गळा. नाडी वेगात चालली होती, पण चालली होती.

"आधी चार दिवस तिथंच त्या बाईंकडे राहा," ती म्हणाली, "पोटभर जेव, मच्छरदाणीत झोप. मग दिवसाच्या बसनं मेडानला जाऊन चेक्स बदलून घे. आणि अजून एक वाटी आहे ना? मग जा पुढे."

त्या खरखराटात मंजिरी हसली की रडली ते नीट कळलं नाही, आणि लाइन गेली. प्रमोदिनीनं रिसीव्हर खाली ठेवला, पदर खांद्यावर नीट पिनअप केला आणि तिळगुळाचा डबा उचलला. मखमली डबी तिनं बंद करून शशिधरच्या हातात दिली, परत करायला नव्हे, नुसती धरायला दिली, कारण कोट घालायला तिला हात मोकळे हवे होते. कोटाची वरची दोन बटणं तिनं लावली नाहीत. बाहेर कडाक्याची थंडी होती.

"अहो," ती म्हणाली, "गाडी काढा. वहिनी वाट बघत असतील."